लांब आहे अजून

शेळ्या अडवून उभं असलेलं पोरगं ओरडलं, “आप्पा, गाडी आली!” आप्पा म्हणाले, “लांब आहे अजून,” आणि त्यांनी राजदूत मोटारसायकल रुळांवर घातली. दुधाचा एक कॅन नंतर ज्वारीत सापडला, झाकण तसंच घट्ट बसलेलं. चुलतीने तो पुन्हा कधी वापरला नाही आणि मोडीतही घातला नाही.

हे लिहिणारा त्या आप्पांचा पुतण्या. गाव बार्शी लाइनच्या काठचं, गोष्ट ब्रॉडगेज झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली. त्या जागेला सगळे ‘फाटक’ म्हणत, पण फाटक तिथे नव्हतंच. इशाऱ्याची पाटी तेवढी होती.

आप्पा बेफिकीर नव्हते. दारू नाही, घाई नाही. रुळांची त्यांच्याइतकी माहिती गावात कुणाला नव्हती, आणि घात तिथेच झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवर धावायची. धावायची म्हणजे काय, डब्यातून उतरून बोरं तोडून पुन्हा त्याच डब्यात चढता येतं, असा गावातला विनोद होता. आप्पांची नजर जन्मभर त्या चालीवर तयार झालेली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर पट्टा ब्रॉडगेज झाला. रूळ बदलले, इंजिन बदललं, अंदाज जुनाच राहिला.

तसा तो कुणाचाही चुकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये फाटकांवरच्या अपघातांबद्दल लिहिताना याच फसगतीकडे बोट दाखवलं होतं: वस्तू जितकी मोठी, तितकी ती डोळ्याला संथ वाटते. उतरणारं विमान तरंगत आल्यासारखं दिसतं ना, तसंच. प्रत्यक्षात ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. फाटकाच्या ६०० मीटर आधी ‘सी/फा’ (सीटी/फाटक) अशी पाटी असते, तिथून चालक शिट्टी देऊ लागतो. म्हणजे शिट्टी कानावर आल्यापासून हातात वीस-एकवीस सेकंद. त्या सकाळी आप्पांच्या कानांवर मफलर होता, खाली राजदूतची फटफट आणि डाव्या अंगाला पुरुषभर ज्वारी. चालकाने ब्रेक लावला असणारच, पण भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर सहज लागतो.

आप्पा एकटे नव्हते. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेल्वेने उडवलं. पन्नासहून अधिक माणसं गेली. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेच्या गाडीतली १३ मुलं गेली. त्यानंतर मानवरहित फाटकं हटवण्याच्या कामाला वेग आला आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची अशी फाटकं संपली.

सवय मात्र संपली नाही. दुचाकी आडवी करून दांड्याखालून काढणारे रोज दिसतात. एक गाडी गेली आणि फाटक उठलं नाही, तर गेटमनच्या नावाने बोटं मोडू नका. बहुधा दुसऱ्या रुळावरून गाडी येत असते. फाटक तोडणाऱ्याला रेल्वे कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उभं राहायचं तेही मागे: डबा सव्वातीन मीटर रुंद असतो, रुळाबाहेर दोन्हीकडे पाऊण मीटरहून जास्त येतो. वाहन रुळांत बंद पडलं तर आधी माणसं उतरवा, मग गेटमनकडे धावा. गाडी दिसत असेल तर ती ज्या बाजूने येतेय त्याच बाजूला, पण रुळांपासून तिरकं दूर पळा. उफराटं वाटतं, पण धडकेनंतरचं लोखंड गाडीच्या पुढच्या दिशेला उडतं.

आणि कुठे गेटमनविना रूळ आडवे आलेच, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ सांगतं: वाहन थांबवा, क्लीनरला पुढे चालत पाठवून गाडी येत नाही ना ते पाहा, सोबत कुणी नसेल तर स्वतः उतरा. हे कलम १९८८ च्या कायद्यातलं आहे. आप्पांना ते कधी कुणी सांगितलं नाही, लायसन्स काढतानाही नाही.

आता त्या जागी भुयारी मार्ग आहे. पावसाळ्यात त्यात कमरेइतकं पाणी साचतं आणि माणसं पुन्हा दुचाक्या ढकलत रुळांवरून जातात. गेल्या वर्षी आप्पांचा मुलगाही तशीच दुचाकी ढकलत गेला. तुमच्या गावात असं होत असेल तर १३९ वर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि पाणी उपसेपर्यंत लांबच्या वाटेने जा.