हवामान केंद्राचे सॉफ्टवेअर बदलताना

अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेची हकीकत आम्ही इतिहासाच्या तासाला आवर्जून सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे निश्चित झाले, आणि त्या विद्युतप्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हेही स्पष्ट झाले. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. परंतु कुलाब्याचे काम त्याच दिवशी थांबविले गेले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, त्यांतील परस्परसंबंध निश्चित करण्यात आला, आणि त्यानंतरच जुने उपकरण बंद झाले. म्हणूनच कुलाबा आणि अलिबाग मिळून ती नोंदमाला सलग वाचता येते.

हे सारे वर्गात शिकवीत असूनही शाळेच्या छपरावरील हवामान केंद्राच्या बाबतीत आम्ही नेमके उलट वागलो. त्याची कबुली देणे आणि पुढे कोणी ही चूक करू नये म्हणून रीत सांगणे, हाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या केंद्राची नोंद ठेवण्याचे काम रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक करतो. त्यावर वीवेक्स नावाचे मुक्त सॉफ्टवेअर चालते. सामान्यतः दर पाच मिनिटांनी तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांची एक ओळ ते माहितीसंचात लिहिते. हा संचच आपले खरे धन होय. सॉफ्टवेअर पुन्हा मिळते. परंतु एखाद्या आषाढातल्या रात्री किती पाऊस पडला हे पुन्हा मोजता येत नाही. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. अशा योजनेत धरण किती उंच बांधावे, हे ठरविण्यासाठीही मागील पावसाच्या आणि पुरांच्या नोंदीच लागतात. (आपली नोंद पीकविम्याला चालत नाही, हे पालकांना ठाऊक आहे. तरीही गावोगावचे पालक पेरणीपूर्वी फोन करून आपले आकडे विचारतात.)

वीवेक्सची पाचवी आवृत्ती २०२४ च्या जानेवारीत आली. चौथ्या आवृत्तीपासूनचा हा बदल लहान नव्हता. निरनिराळ्या कामांसाठी असलेली जुनी छोटी साधने जाऊन ‘वीसीटीएल’ हे एकच साधन आले, काही फाइलींच्या जागा बदलल्या, आणि पायथॉन भाषेची दुसरी आवृत्ती पूर्णतः सुटली. यांपैकी काहीही न वाचता आम्ही मे महिन्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी बदल करावयास बसलो. नव्या जागी जुना माहितीसंच आणून ठेवला आणि स्थापना सुरू केली. आज्ञावली एकेक प्रश्न विचारीत गेली आणि आम्ही प्रत्येकाला एंटर दाबीत गेलो. त्यांत ‘उपकरण कोणते?’ हाही प्रश्न होता. एंटर दाबल्यास त्याचे उत्तर ‘सिम्युलेटर’ असे होते, म्हणजे चाचणीसाठी खोटे आकडे तयार करणारी आज्ञावली. पडद्यावर आलेख उमटू लागले, आम्ही समाधानाने कुलूप लावले आणि गावी गेलो.

नवव्या दिवशी दाखला घ्यायला आलेला दहावीचा एक विद्यार्थी पडदा पाहून हसत म्हणाला, “सर, आपली शाळा काश्मीरला नेली का?” बाहेर अंगणात पाय भाजत होते आणि पडद्यावर थंडी होती, शिवाय रोज मध्यरात्रीनंतर पाऊस! नऊ दिवसांचे असत्य आपल्या खऱ्या नोंदींत मिसळले होते. नोंद नसणे हे दुःख आहेच. परंतु खोटी नोंद असणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक लाज आणणारे आहे.

आता रीत. बदल पावसाळ्यात करू नये, आणि केल्यावर किमान आठवडाभर तिथे माणूस असावा. प्रथम सेवा थांबवावी. लेखन चालू असताना केलेली माहितीसंचाची नक्कल अर्धवट राहू शकते. मग माहितीसंच, संरचना फाइल, पानांचे साचे आणि आपण जोडलेले विस्तार यांची नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची ओळ वाचल्याखेरीज नक्कल झाली असे मानू नये. बदलाची टिपणे पूर्ण वाचावीत. जुनी संरचना फाइल पुढे नेण्याची स्वतंत्र आज्ञा आहे, हे त्यांतच लिहिलेले होते.

सर्वांत स्वस्त विमा म्हणजे दुसरे मेमरी कार्ड. नवी आवृत्ती त्यावर बसवावी आणि जुने कार्ड जसेच्या तसे खणात ठेवावे; काही बिघडल्यास कार्ड बदलताच जुने केंद्र परत उभे राहते. आपल्या यंत्राचा एकच पडदा-संच असल्याने मूस यांच्याप्रमाणे दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालविता येत नाहीत. म्हणून तुलनेसाठी आम्ही हाताने मोजावयाचे पर्जन्यमापक आणि साधा तापमापक वापरतो. हवामान खात्याच्या रीतीने पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजला जातो, तर वीवेक्सचा दिवस मध्यरात्री बदलतो. हे ध्यानात न घेता आकडे ताडून पाहिले तर निष्कारण घबराट होते. आमची एकदा झाली.

त्या नऊ दिवसांच्या ओळी आम्ही वेळ पाहून काढून टाकल्या आणि दैनिक गोषवारे नव्याने बांधून घेतले. कार्यालयातील हस्तलिखित वहीत त्या नऊ तारखांसमोर लाल शाईने ‘नोंद नाही’ असे लिहिले असून त्याखाली आमची सही आहे.