रंगीत कांचेंतील दृष्टांत : मुलांच्या वर्गासाठीं एक पाठ

शास्त्रभाग : लूक 10:25–37.

उद्देश : मध्ययुगांतील कारागीर रंगीत कांचेच्या खिडक्या कशा करीत व त्या कशा वाचावयाच्या, हें मुलांनीं स्वतःच्या हातांनीं एक खिडकी करून शिकावें.

आमच्या खेड्यांतील बहुतेक उपासनामंदिरांच्या खिडक्यांस गज व लांकडी झडपा असतात. म्हणून रंगीत कांचेची खिडकी म्हणजे काय, हें नुसत्या शब्दांनीं सांगितल्यास मुलांच्या मनांत कांहींच उभें राहत नाहीं. मुंबईस कुलाब्यांत ज्यास लोक अफगाण चर्च म्हणतात, त्या 1858 सालीं समर्पित झालेल्या मंदिरांत विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या अशा खिडक्या आहेत. परंतु त्या एकोणिसाव्या शतकांतील असून जुन्या कलेचें अनुकरण करणाऱ्या आहेत. मूळ कला पाहावयाची तर बाराव्या व तेराव्या शतकांतील फ्रान्स व इंग्लंड या देशांकडे वळलें पाहिजे.

शिक्षकानें आधीं समजून घ्यावें

फ्रान्स देशांत शार्त्र म्हणून नगर आहे. तेथील मोठें मंदिर 1194 सालीं आगींत बहुतेक जळालें. लोकांनीं तें पुन्हा बांधिलें, आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याच्या खिडक्यांत रंगीत कांच बसविली. त्यांतील पुष्कळशी आजही जागच्या जागीं आहे. 1918 सालीं व पुन्हा 1939 सालीं युद्धाच्या भयानें ती उतरवून सुरक्षित ठेविली होती. पॅरिस येथील सेंट शापेल हें मंदिर 1248 सालीं समर्पित झालें. त्याच्या पंधरा उंच खिडक्यांत 1113 प्रसंग आहेत.

ही कांच कशी होत असे? बाराव्या शतकांत थिओफिलस नांवाच्या एका संन्यस्त ख्रिस्ती लेखकानें ती रीति लिहून ठेविली आहे. बीच नांवाच्या झाडाची राख दोन भाग व स्वच्छ वाळू एक भाग घेऊन भट्टींत वितळवीत. रसांत कोबाल्ट असल्यास कांच निळी होई, तांब्यानें तांबडी होई. तांबडी कांच फार गडद होत असल्यामुळें पांढऱ्या कांचेवर तिचा पातळ थर देत. मग चुना फांसलेल्या फळीवर पूर्ण आकारांत चित्र काढून, तापलेल्या लोखंडानें कांच तडकवून तिचे तुकडे त्या चित्राबरहुकूम करीत. तोंडें, बोटें व वस्त्रांच्या चुण्या काळसर रंगानें रेखून तुकडे पुन्हा भट्टींत भाजीत, म्हणजे रेघ कांचेशीं एकजीव होई. शेवटीं दोहों बाजूंस खांच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवून सांधे डाख देऊन पक्के करीत.

जुनी कांच हळूहळू खालीं वाहत असते, म्हणून ती तळाशीं जाड आढळते, असें कांहीं पुस्तकांत लिहिलेलें असतें. मुलांस तसें शिकवूं नये. कांच तशी वाहत नाहीं. त्या काळीं ती फुंकून सपाट करीत, आणि त्या रीतीनें तिची जाडी सर्वत्र सारखी येत नसे, एवढेंच त्याचें कारण आहे.

खिडकी खालून वर वाचावी

आपण पुस्तक वरून खालीं वाचतों. शार्त्र येथील बहुतेक खिडक्या मात्र खालून वर वाचावयाच्या असतात. तेथें चांगल्या शोमरोन्याची एक खिडकी आहे. तिच्या खालच्या भागांत दृष्टांत आहे : प्रवासी निघतो, लुटारू त्यास मारतात, याजक व लेवी पाहून पुढें जातात, शोमरोनी त्याच्या जखमा बांधून त्यास उतारशाळेंत नेतो. त्याच्या वर आदाम व हव्वा यांची उत्पत्ति व त्यांचें पतन आहे. दोन कथा एकत्र कां? कारण प्राचीन मंडळीचे पुष्कळ शिक्षक असा अर्थ करीत कीं, वाटेंत पडलेला मनुष्य म्हणजे आदाम व त्याची संतति, आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. लहान मुलांस हा अर्थ सांगितला नाहीं तरी चालेल. मोठ्या मुलांस अवश्य सांगावा.

आतां या खिडकीच्या अगदीं तळाशीं काय आहे, तें पाहा. तेथें राजा नाहीं, बिशप नाहीं. तेथें जोडे शिवणारे कारागीर आपल्या कामांत आहेत. दुसऱ्या खिडक्यांच्या तळाशीं भाकरी भाजणारे, सुतार, चाकें करणारे असे लोक आहेत. या कारागिरांनीं स्वतः पैसे दिले, कीं मंदिराच्या अधिकाऱ्यांनीं त्यांचीं चित्रें घातलीं, याविषयीं विद्वानांत वाद आहे. पण चित्रें तेथें आहेत, आणि दृष्टांताची कथा त्यांच्या डोक्यावरून सुरू होते, याविषयीं वाद नाहीं. चामड्याचें काम आमच्या देशांत किती तुच्छ मानिलें गेलें, हें आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस पुस्तकांतून शिकावें लागलेलें नाहीं. शाळेंत बापाचा धंदा विचारिला असतां मान खालीं घालणारें मूल तुमच्याही वर्गांत असेल. त्यास हें चित्र दाखवावें, किंवा निदान त्याचें वर्णन सांगावें.

चित्रें करणें योग्य आहे काय?

कित्येक बंधु विचारतील कीं, आज्ञेंत मूर्ति करूं नको असें असतां हें कशास? हा प्रश्न नवा नाहीं. सुमारें 600 सालीं मार्सेय येथील बिशप सेरेनस यानें मंदिरांतील चित्रें फोडिलीं. तेव्हां रोमचा बिशप ग्रेगरी यानें त्यास असें लिहिलें कीं, चित्रांची पूजा होऊं दिली नाहीं हें ठीक, पण ज्यांस अक्षरओळख नाहीं ते भिंतीवर कथा वाचतात, म्हणून चित्रें फोडावयाचीं नव्हतीं. पुढें 1643 सालीं इंग्लंडांत कँटरबरी येथें प्युरिटन लोकांनीं पुष्कळ जुनी कांच फोडिली. त्यांची भीति अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. मनुष्य कशापुढेंही वांकतो. आमच्या वर्गांत नियम एवढाच ठेवावा : चित्रापुढें कोणी हात जोडूं नयेत, आणि कथा सांगितल्यावांचून चित्र पुढें ठेवूं नये.

कृति

सामान : जुन्या वह्यांचे पुठ्ठे, काळी शाई, पतंगाचा रंगीत कागद, गव्हाच्या पिठाची खळ, कात्री, दोरा. पतंगाचा कागद न मिळाल्यास पातळ पांढरा कागद रंगवून वाळवावा व त्यावर कापसानें थोडें गोडें तेल फिरवावें, म्हणजे त्यांतून उजेड दिसूं लागतो.

1. प्रथम शास्त्रभाग वाचून कथा मुलांकडून सांगवावी. मग तिचे पांच प्रसंग पाडावे : निघणें, मार खाणें, दोघांचें पुढें जाणें, जखमा बांधणें, उतारशाळा.

2. दोन-तीन मुलांस एक प्रसंग द्यावा. त्यांनीं पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर मोठें व साधें चित्र काढावें.

3. चित्राच्या रेषा अर्ध्या बोटाएवढ्या रुंद ठेवून मधला भाग कापावा, व उरलेल्या पट्ट्यांस काळी शाई लावावी. हें आपलें शिसें. प्रत्येक पट्टी दुसऱ्या पट्टीस किंवा कडेस जोडलेली राहिली पाहिजे. जी सुटी राहील ती गळून पडेल; हें मुलांस एकदां पडूंच द्यावें, म्हणजे लक्षांत राहतें.

4. मागून रंगीत कागद खळीनें चिकटवावे. वाळल्यावर डोळे, बोटें वगैरे शाईनें रेखावीं.

5. सहावा पुठ्ठा तळासाठीं. त्यावर मुलांनीं आपापल्या घरचें काम काढावें : नांगर, आरी, माग, चाक, झाडू, विळा. कोणाचेंही काम गाळूं नये, व कोणी कोणास हंसूं नये.

6. पुठ्ठे दोऱ्यानें एकाखालीं एक बांधावे. कामाचा सर्वांत खालीं, उतारशाळेचा सर्वांत वर. मग ते पूर्वेकडील दारांत सकाळीं टांगावे.

टांगण्यापूर्वीं ते भिंतीशीं धरून दाखवावे; रंग मळकट दिसतील. मग दारांत धरावे. फरक कशानें पडला, हें मुलांनाच सांगूं द्यावें.

विचारावयाचे प्रश्न

1. शिशाच्या रेघा काढून टाकिल्या तर खिडकीचें काय होईल?
2. मंदिराच्या बाहेर उभें राहून दिवसा ही खिडकी कशी दिसेल?
3. याजक व लेवी यांस कोणता रंग दिला, आणि कां?
4. कथेच्या तळाशीं तुमच्या घरचें काम असावें, असें तुम्हांस कां वाटतें?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर शिक्षकानें स्वतः देऊं नये. मुलें थांबलीं तर थांबूं द्यावें. जें मूल एरव्हीं बोलत नाहीं तें या ठिकाणीं बोलेल, आणि त्याचें उत्तर ऐकण्यासाठीं त्याच्या आईबापांस त्या दिवशीं वर्गांत बोलाविलें तर फार चांगलें होईल.