बिनतारी माल भरताना पेटी उलटून पाहा

ज्या व्यापारी बांधवांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांना घरच्या रेडिओचा परवाना आठवत असेल. पोस्टात जाऊन त्याची फी भरावी लागे. १९८० च्या दशकात तो परवाना बंद झाला आणि पुष्कळांनी असे धरून चालले की, आता हवेतून चालणाऱ्या यंत्रासाठी कोणाला विचारावे लागत नाही. ही समजूत खरी नाही. सवलत मिळाली ती नुसत्या ऐकणाऱ्या रेडिओला. जे यंत्र स्वतः लहरी सोडते, त्याचा हिशेब सरकार आजही ठेवते. आणि आपल्या दुकानातील ब्लूटूथ स्पीकर, बिनतारी इयरफोन, वाय-फाय राऊटर, वॉकी-टॉकी ही सगळी लहरी सोडणारीच यंत्रे आहेत.

आमच्या माहितीतील एका दुकानदाराने सणाच्या तोंडावर घाऊक बाजारातून ब्लूटूथ स्पीकर उचलले. भाव उतरता, पेटी देखणी, आणि पेटीवर सीई व एफसीसी अशी दोन चिन्हे. दोन-दोन शिक्के आहेत म्हणजे माल पक्का, असे त्यांनी मानले. एका जाणत्या गिऱ्हाईकाने पेटी उलटून पाहिली आणि विचारले, "यावर आपल्या देशाचा नंबर कुठे आहे?" तो नव्हताच. माल कच्च्या पावतीवर घेतलेला, त्यामुळे घाऊक व्यापाऱ्याने हात वर केले. सणाचे भांडवल फळीवर अडकून पडले.

सीई हे युरोपच्या बाजाराचे चिन्ह आहे आणि एफसीसी हे अमेरिकेचे. भारतात विकण्याची परवानगी या दोहोंपैकी कशानेही मिळत नाही. दुबईच्या मालाचेही तेच. कोकणातील आपल्या कित्येक घरांत आखातातून येणारा भाऊ-भाचा यंत्रे घेऊन येतो, आणि त्यांपैकी काही विक्रीलाही येतात. तिथली मान्यता तिथल्या सरकारची, ती तिथेच संपते.

असे का, हे एका उदाहरणाने नीट कळेल. अमेरिकेत घरगुती कॉर्डलेस फोनसाठी १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला आहे. भारतात १९२० ते १९८० मेगाहर्ट्झ हा पट्टा ३जी सेवेसाठी दिला गेला, मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या आवाजासाठी. आता अमेरिकेहून आणलेला तो कॉर्डलेस फोन कोणी मुंबईत लावला, तर तो जवळच्या टॉवरच्या कानाशी बसून बडबड करतो. फोन उत्तम चालतो, मालक खूश. त्रास होतो तो गल्लीतल्या इतरांच्या मोबाईलला. यंत्रात दोष काहीच नाही. दोष एवढाच की ते दुसऱ्या देशाच्या हवेसाठी बनले आहे.

म्हणून पहिला प्रश्न हवेचा. तो पाहणारे खाते म्हणजे दूरसंचार विभागाचे डब्ल्यूपीसी. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याचा मूळ नियमच असा होता की, परवान्याशिवाय असे यंत्र नुसते बाळगूही नये. संसदेने २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा केला, त्यातही बिनतारी यंत्र बाळगण्याचा विचार आहेच. सामान्य माणसाला रोज परवाना काढावा लागू नये म्हणून काही पट्टे अटींसह मोकळे करण्यात आले. ब्लूटूथ आणि वाय-फाय ज्यावर चालतात तो २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला, वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये अधिक खुला झाला. मात्र यंत्र त्याच पट्ट्यात आणि ठरलेल्या ताकदीत बोलते, याचा दाखला त्या मॉडेलला घ्यावा लागतो. त्याला ईटीए म्हणतात. प्रयोगशाळेच्या चाचणी अहवालावर तो सरल संचार या संकेतस्थळावरून मिळतो. काही ठराविक वस्तूंना स्वयंघोषणेची सोय आहे. दाखला काढण्याचे काम उत्पादकाचे किंवा आयातदाराचे, किरकोळ दुकानदाराचे नव्हे. पण ईटीएचा क्रमांक प्रत्येक पेटीवर सापडेलच असे नाही, म्हणून घाऊक व्यापाऱ्याकडे त्याची प्रत मागावी आणि मॉडेलचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. मॉडेलमध्ये शेवटचे एक अक्षर वेगळे असले तर खुलासा मागायला संकोच करू नये.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तिथे दुकानदार स्वतः अडकतो. भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीने नोंदणी करण्याचा आदेश २०१२ मध्ये निघाला. सुरुवातीला यादीत १५ वस्तू होत्या. पुढे मोबाईल, चार्जर, पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, बिनतारी इयरफोन असे करत ती वाढत गेली. नोंदणी झालेल्या मालावर मानकाचा आयएस क्रमांक, ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकडे असतात. आकडे कोणीही छापू शकतो, हे लक्षात असू द्या. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की कारखाना, ब्रँड आणि वस्तू समोर येते. क्रमांक चार्जरचा निघाला आणि छापलेला आहे स्पीकरवर, तर समजून जावे. पेटीत चार्जर दिला असेल तर त्याच्या अंगावर त्याचा स्वतःचा क्रमांक हवा; वरच्या पेटीचा क्रमांक त्याला चालत नाही.

ब्युरोच्या २०१६ च्या कायद्याचे १७ वे कलम प्रत्येक दुकानदाराने कोणाकडून तरी वाचून घ्यावे. सक्तीच्या यादीतील माल चिन्हाशिवाय बनवणे आणि आयात करणे तर सोडाच, तो विकणे, साठवणे आणि विक्रीसाठी मांडणेही त्यात मना आहे. पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड त्या कायद्यात लिहिला गेला. "आम्ही बनवत नाही, फक्त विकतो" हे उत्तर तिथे टिकत नाही.

स्वतःच्या नावाचा ब्रँड काढण्याची हौस हल्ली आपल्या तरुणांत दिसते. धाडस चांगले आहे. बिनछापाचे इयरफोन घ्यायचे, त्यावर आपले नाव छापायचे आणि नव्या पेटीत घालायचे, इतके ते सोपे वाटते. परंतु ब्युरोची नोंदणी ही त्या कारखान्याची आणि त्यात लिहिलेल्या ब्रँडची असते. कारखान्याच्या नोंदणीत तुमचे नाव चढवून घेतल्याशिवाय त्याचा क्रमांक तुमच्या पेटीवर छापणे म्हणजे दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आपला फोटो चिकटवणे. पेट्या छापण्याआधी कारखान्याकडून हे काम लेखी पुरे करून घ्यावे.

तिसरा प्रश्न गिऱ्हाईकाचा, तो थोडक्यात सांगतो. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे पेटीवर वस्तूचे नाव, नग, सर्व करांसह किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा पत्ता-फोन, आणि माल बाहेरचा असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता व मूळ देश लागतो. कमी किमतीची चिठ्ठी लावता येते, पण छापील किंमत झाकून नव्हे. वाढीव किमतीची चिठ्ठी कधीच लावू नये.

वॉकी-टॉकीबद्दल मात्र जास्त सावध राहावे. मंडपवाले, केटरिंगवाले, बांधकामाचे ठेकेदार यांच्याकडून तिला मागणी वाढली आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी ताकदीचे संच २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळे झाले. अमेरिकन संच बहुधा ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्यांना ही सवलत नाही. दिसायला दोन्ही सारखेच असतात! मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच विक्रीबद्दल ऑनलाइन कंपन्यांना १३ नोटिसा दिल्या, कारण जाहिरातीत ना पट्टा सांगितलेला, ना परवान्याची माहिती, ना ईटीए. मोठ्या कंपन्यांना विचारणा होते, तर व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विकणाऱ्याने आपण नजरेआड आहोत असे समजू नये. मोबाईलचे जॅमर आणि सिग्नल वाढवणारे बूस्टर यांना तर दुकानात जागाच देऊ नये. खाजगी व्यक्तीने ते विकणे वा लावणे बेकायदा असल्याचे सरकारने जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनाही "गच्चीवर बूस्टर बसवून द्या" अशी गळ घातली जाते, त्यांनी सरळ नाही म्हणावे.

मनीष मार्केट असो, लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याचा घाऊक व्यापारी असो, माल उचलताना पक्के बिल घ्यावे आणि त्यावर नुसते "स्पीकर ५० नग" न लिहिता ब्रँड, मॉडेल आणि आर क्रमांक लिहून घ्यावा. उद्या तपासणीत प्रश्न निघाला तर माल कोठून आला हे दाखवायला आणि आपले पैसे परत मागायला तेवढाच कागद आपल्या हाती असतो. बिलावर मॉडेल लिहायला जो तयार नसेल, त्याचा माल एक पेटीसुद्धा घेऊ नये.