आतला आरसा का पडतो आणि परत कसा बसवायचा

आधी एक छोटंसं गणित करूया. (घाबरू नका, एम-थ्री नाही!)

गाडीच्या पुढच्या काचेला आतून एक धातूचं बटण चिकटवलेलं असतं आणि त्यावर सेंटर मिरर अडकवलेला असतो. समजा बटण २५ बाय २५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ६२५ चौरस मिमी. आरसा ३०० ग्रॅमचा धरला तर वजन साधारण ३ न्यूटन. भागाकार केला की ताण येतो जेमतेम ०.००५ मेगापास्कल. बऱ्यापैकी गोंदाची शिअर स्ट्रेंग्थ १० मेगापास्कल सहज असते. म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी झाला दोन हजार! आपले सिव्हिलवाले दोन-तीनवर खूश असतात.

मग आमच्या हिंगोली जिल्ह्यात मे महिना आला की हे आरसे टपाटप का पडतात?

कारण गोंदाचं खरं भांडण वजनाशी नसतंच. ते असतं उन्हाशी. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद गाडीत काचेजवळचं तापमान ६५ च्या पुढे सहज जातं. रात्री तीच काच २५ अंशांवर येते. रोजचा फरक झाला ४० अंशांचा. आता फर्स्ट इयरला पाठ केलेला थर्मल एक्सपान्शनचा आकडा आठवा. अॅल्युमिनियमचा सुमारे २३, काचेचा सुमारे ९ (दोन्ही दहाचा उणे सहावा घात, दर अंशाला). २५ मिमीचं बटण २३ मायक्रॉनने वाढतं, त्याच्याखालची काच फक्त ९ ने. राहिलेल्या १४ मायक्रॉनची ओढाताण कोणी सोसायची? मध्ये बसलेल्या गोंदाने! त्याचा थर ५० मायक्रॉन धरला, तर दोन्ही कडांना त्याला आपल्या जाडीच्या १४ टक्के आडवं सरकावं लागतं. रोज सरकायचं आणि रोज परत यायचं. हिशोब ढोबळ आहे, पण मुद्दा कळतो.

झटपट चिकटणारा गोंद, ज्या सगळ्या जातीला आपण एकाच ब्रँडच्या नावाने हाक मारतो, तो रसायनशास्त्रात सायनोअॅक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती तो अपघाताने लागला आणि १९५८ मध्ये बाजारात आला. पडलेलं खेळणं जोडायला तो फर्स्ट क्लास. पण वाळल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो, ताणला जात नाही आणि ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. आपल्या उन्हाळ्यात गाडीची काच त्या हद्दीच्या जवळच फिरत असते.

दुसरा शत्रू म्हणजे आपला हात. ड्रायव्हर बदलला की आरसा धरून वाकडातिकडा केला जातो. तेव्हा बटण सरळ ओढलं जात नाही, एका कडेने उचकटलं जातं. याला इंग्रजीत ‘पील’ म्हणतात. मराठी शब्द मला आजीला विचारावा लागला. (कॉन्व्हेंटचा प्रताप!) ती म्हणाली, “सोलणं, दुसरं काय?” अगदी बरोबर. केळं ओढून फाटत नाही, पण टोकाकडून सोललं की मुकाट्याने सालीबाहेर येतं.

माझ्या काकांच्या गाडीचा आरसा गेल्या उन्हाळ्यात वसमतच्या मोंढ्याबाहेर उभ्या गाडीत पडला. काका आत हळदीचा भाव विचारत होते. एका गॅरेजवाल्याने जुन्या गोंदावरच नवा झटपट गोंद लावून पाच मिनिटांत तो बसवून दिला. नांदेडच्या वाटेवर एका वळणावर आरसा पुन्हा सुटला आणि थेट काकांच्या पायात, ब्रेकच्या पेडलजवळ पडला! नशीब, मागे ट्रक नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर काका मला म्हणाले, “अगं, तू इंजिनिअर होणार ना? मग लाव की!” मी लावला. आता दुसरा उन्हाळाही त्याने काढला आहे.

काही जण म्हणतील, बाजूचे दोन आरसे आहेत की, आतल्याचं एवढं काय? फरक आहे. बाजूचे आरसे, निदान डावीकडचा तरी, बहिर्वक्र असतात. त्यात जास्त दिसतं, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. आतला आरसा सपाट असतो, म्हणून अंतराचा खरा अंदाज तोच देतो. हिंगोली-नांदेड रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना हा अंदाज चुकून चालत नाही.

गंमत म्हणजे आरशाचं आणि थरथरीचं वैर पहिल्यापासूनचं आहे. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रे हॅरूनने आपल्या गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. पण विटांच्या ट्रॅकवर गाडी इतकी हादरत होती की आरशात धड काहीच दिसलं नाही, असं तो नंतर सांगायचा म्हणतात. आपले रस्ते पाहता त्याचं म्हणणं पटतं!

असो, आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सामान असं लागेल: ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळणारा खास आरशाचा गोंद (त्यात गोंदाची ट्यूब आणि अॅक्टिव्हेटर असे दोन भाग असतात), दाढीचं नवं ब्लेड, बारीक पॉलिश पेपर, अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरं सुती फडकं, चिकटपट्टी. दोन नळ्यांचा इपॉक्सीही चालतो, पण तो फार कडक वाळतो आणि पुढे बटण निघालंच तर काचेचा टवका घेऊन निघायची भीती असते. सूर्यप्रकाशात वाळणारा गोंद आणायचा विचार असेल तर थांबा. पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पडदा (मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढे अशी लॅमिनेटेड काच लागतेच), आणि तो पडदा अतिनील किरण बहुतेक सगळे गिळतो. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आतल्या गोंदाला त्याचा पत्ता लागत नाही.

सगळ्यात आधी बटणाची जुनी जागा काचेच्या बाहेरून चिकटपट्टीने आखून घ्या. आतली खूण ब्लेड फिरवताना पुसली जाते. मग आरशाचा छोटा स्क्रू सैल करून बटण वेगळं करा. त्याची वरची बाजू कोणती आणि काचेकडची कोणती, हे पेनने लिहून ठेवा. बटण एका बाजूला निमुळतं असतं. उलटं चिकटलं तर आरसा त्यावर सरकणारच नाही आणि सगळं काम पुन्हा करावं लागेल.

काचेवरचा जुना गोंद ओला करून ब्लेड आडवं धरून खरवडा. बटणावरचा पॉलिश पेपरने घासा, धातू चमकेपर्यंत. मग स्वच्छतेची परीक्षा घ्या: काचेवर पाण्याचा थेंब लावा. तो पसरून पातळ पडदा झाला तर काच स्वच्छ. गोळा होऊन बसला तर तेलकटपणा अजून आहे. पाणी पूर्ण वाळवा आणि अॅसिटोनने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात बऱ्याचदा तेल असतं. पेट्रोल तर नकोच. अॅसिटोन डॅशबोर्डचं प्लास्टिक खातं आणि पटकन पेट घेतं, म्हणून खाली जुनी चादर टाका, दारं उघडी ठेवा. आणि यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. अगदी ‘वाळलंय का बघू’ म्हणूनसुद्धा नाही!

अॅक्टिव्हेटर लावून वाळू द्या. मग बटणावर गोंदाचा एकच थेंब. जास्त गोंद म्हणजे जास्त मजबुती हा आपला देशी समज इथे उलटा पडतो, कारण जाड थराच्या मध्यापर्यंत अॅक्टिव्हेटर पोचत नाही आणि आतला गोंद कच्चा राहतो.

पातळ थराचं यापेक्षा मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात येऊ घातलंय. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. गुरुत्वीय लहरी पकडायला तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. अमेरिकेतल्या लायगोमध्ये ४० किलोचा एकेक आरसा काचेच्या चार तंतूंवर टांगलेला आहे, तंतूची जाडी ०.४ मिमी! हे तंतू ज्या काचेच्या ‘कानांना’ जोडलेले असतात, ते कान आरशाला अल्कली द्रावणाच्या थेंबाने सांधलेले आहेत. त्या सांध्याची जाडी मायक्रॉनचा दहावा भाग, फार तर. दोन्ही पृष्ठभाग इतके सपाट आणि स्वच्छ असतात, की भरायला फट अशी उरतच नाही.

आपलं बटण मात्र अंगठ्याने एक मिनिट घट्ट दाबून धरायचं, अजिबात न हलवता. हे काम सकाळी सहा-सातला, सावलीत करा. दुपारच्या तापल्या काचेवर गोंद नीट पसरायच्या आतच धरायला लागतो. पाकिटावर पंधरा मिनिटं लिहिलेलं असलं तरी आरसा दुसऱ्या दिवशीच चढवा. स्क्रू आवळताना बेतानेच, कारण बटणावरचा पीळ काचेपर्यंत जातो.

बटणाबरोबर काचेचा टवका निघाला असेल, किंवा आरशामागे वायर, कॅमेरा, पावसाचा सेन्सर असेल, तर घरी हात लावू नका. ते काम काचवाल्याचं नाहीतर सर्व्हिस सेंटरचं. तोपर्यंत आरसा चिकटपट्टीने लोंबकळत ठेवण्यापेक्षा काढून डिकीत ठेवा.