केळीची युरोपातली निर्यात अडते कुठे?

प्रश्न : आखाती देशांत आमची केळी जातात, युरोपचं नाव काढलं की व्यापारी मागे सरतो. तिथे आयातशुल्क जास्त आहे का?
– एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : शुल्क हा एक भाग झाला. खरी अडचण असते ती तपासणीच्या अटींची. युरोपीय संघाने 2020 मध्ये क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या अंशाची मर्यादा किलोमागे 0.01 मिलिग्रॅमवर आणली. हिशोब करून पाहा : शंभर टन केळीत फक्त एक ग्रॅम! या मर्यादेवर कोलंबिया, इक्वेडोर यांनीही जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेतली होती.

1995 पासून लागू असलेला याच संघटनेचा आरोग्य व वनस्पती-स्वच्छतेचा करार सांगतो की अशा अटींना शास्त्रीय आधार हवा. पण पुरावा अपुरा असताना तात्पुरती बंदी घालण्याची मुभाही तोच देतो. संरक्षणवाद नेमका याच फटीतून शिरतो. तरी प्रत्येक अट म्हणजे कारस्थान नव्हे. 2014 मध्ये युरोपने हापूस अडवला तेव्हा फळमाशी खरोखरच सापडली होती. आपण तपासणी सुधारली आणि 2015 मध्ये बंदी उठली.

तपासणीचा खर्च मोठ्या निर्यातदाराला पेलतो, दोन एकरवाल्याला नाही. हा अन्याय मला सर्वांत जास्त खुपतो. म्हणून एकट्याने धडपडू नका. गटाने फवारणीची नोंदवही ठेवा आणि घड कापण्याआधीच नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या.