सुताच्या वाटेने आलेले शब्द

वर्गात सारखी बडबड करणाऱ्या मुलाला गुरुजी म्हणतात, "तुझी टकळी आता थांबव." वाट चुकलेले वासरू शोधण्यासाठी शेतकरी सारे शिवार पिंजून काढतो. शाळेच्या सहलीला पैसे कमी पडले, तर एखादे शिक्षक पदरमोड करतात. टकळी, पिंजणे, पदर हे शब्द आपण रोज ऐकतो. परंतु ते कोठून आले, याचा विचार सहसा करीत नाही. हे सर्व शब्द कापसाच्या व कापडाच्या कामातून आपल्या बोलण्यात आले आहेत.

नांदेड आणि लातूर हे जिल्हे मराठवाड्यात येतात. येथील काळ्या जमिनीत कापूस पिकतो. नांदेडची तलम मलमल एके काळी दूरवर प्रसिद्ध होती. कापसापासून कापड होईपर्यंत त्यावर अनेक हात फिरत. कापूस वेचून आणला, की प्रथम त्यातील बी, म्हणजे सरकी, वेगळी करीत. उरे ती रुई. मग पिंजारी येई. त्याचे हत्यार धनुष्यासारखे असे आणि त्याला ताणलेली तात असे. या तातीच्या ठोक्यांनी रुईचा तंतू न् तंतू मोकळा होई व त्यातील कचरा खाली गळून पडे. पिंजाऱ्याच्या हातून रुईचा एकही पुंजका सुटत नसे. म्हणूनच कानाकोपरा न सोडता शोध घेणे, याला आपण 'पिंजून काढणे' म्हणतो.

पिंजलेल्या रुईचे पेळू करीत आणि पेळूपासून चरख्यावर किंवा टकळीवर सूत काढीत. टकळी हे सूत कातण्याचे लहानसे साधन आहे. बोटांनी पीळ दिला, की ती गरगर फिरू लागते. न थांबता बोलणाऱ्याच्या जिभेला टकळीची उपमा कोणी दिली, ते ठाऊक नाही. पण ती देणाऱ्याने टकळी जवळून पाहिली असणार, यात शंका नाही. सुताला खळ लावून ते मागावर चढवीत. लांबीच्या दिशेने ताणलेले सूत तो ताणा आणि रुंदीच्या दिशेने जाणारे सूत तो बाणा. बाण्याचे सूत धोट्यात असते. धोटा या काठाकडून त्या काठाकडे धावतो आणि कापड बोटाबोटाने वाढत जाते. साळी आणि कोष्टी यांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जतन केली.

कापडालाही आपल्या भाषेने बोलते केले आहे. पूर्वी बायका पदराच्या टोकाला पैसे बांधून ठेवीत. दुसऱ्याच्या कामासाठी ती गाठ सोडावी लागली, की ती पदरमोड. संसार नीट चालू लागला, की त्याची घडी बसते. बिघाड फारच मोठा असेल, तर 'आभाळच फाटले, तेथे ठिगळ कोठे लावणार?' असे म्हणतात. संत नामदेव हे शिंपी होते. नांदेडजवळच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई व दोरा ही शिंप्याची हत्यारे भक्तीचा अर्थ घेऊन येतात. त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्येही आहेत.

असे केवळ मराठीतच घडले, असे मात्र नाही. इंग्रजीत 'स्पिन्स्टर' हा जुना शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ सूत कातणारी स्त्री. पुढे अविवाहित स्त्रीला तो शब्द लावू लागले. 'वेब्स्टर' या आडनावाचा अर्थ विणकर. काही शब्द तर आपल्याच देशातून जहाजाने तिकडे गेले. आपली छीट तिकडे 'चिंट्झ' झाली. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे कापड तिकडे 'डंगरी' झाले आणि त्या कापडाच्या कामकरी पोशाखालाही तेच नाव पडले. 'टेक्स्ट' म्हणजे ग्रंथातील मजकूर. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील विणण्याचा अर्थ आहे. आपल्या 'ग्रंथ' शब्दाच्या मुळाशी गुंफण्याचा अर्थ आहे, आणि 'सूत्र' म्हणजे तर दोराच. एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या लोकांना लिहिण्याचे काम विणण्या-गुंफण्यासारखेच वाटले, हे पाहून नवल वाटते.

हातमागाचे हे काम मराठवाड्यातून अगदीच गेलेले नाही. लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या खादी केंद्रात राष्ट्रध्वजाचे कापड विणले गेले आणि नांदेडला त्याचे ध्वज शिवले गेले. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. त्यानंतर अनेक वर्षे ध्वजाचे कापड हाताने कातलेले व हाताने विणलेले असावे, असा नियम होता. डिसेंबर २०२१ मध्ये हा नियम बदलला व यंत्रावर तयार झालेल्या, तसेच पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. त्यामुळे ध्वज स्वस्त झाले व घरोघरी पोहोचले. पण सूत कातणाऱ्या व माग चालविणाऱ्या हातांना मिळणाऱ्या कामाची चिंता वाढली.

माग थांबला, की धोटा अडगळीत पडतो आणि काही वर्षांनी त्याचे नावही कोणाला आठवत नाही. टकळी आपल्या बोलण्यात शिल्लक आहे, पण ती डोळ्यांनी पाहिलेली मुले आता थोडी आहेत. खळ, पेळू, ताणा, बाणा हे शब्द जाणणारी वडीलधारी माणसे अजून आपल्या गावांत आहेत. त्यांच्यापाशी बसावे, त्यांना कामाविषयी विचारावे आणि ते जो शब्द उच्चारतील तो तसाच वहीत उतरून घ्यावा. भाषेचे हे धन सांभाळण्याचे काम शाळकरी मुलांनाही करता येण्याजोगे आहे.

स्वाध्याय

१. 'पिंजून काढणे' हा वाक्प्रचार पिंजाऱ्याच्या कामातून कसा आला, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. ताणा आणि बाणा यांतील फरक लिहा.
३. २०२१ मधील नियमबदलाने कोणाची सोय झाली व कोणापुढे अडचण उभी राहिली?
४. सूत, पीळ, गाठ, वीण, उसवणे या शब्दांवरून तयार झालेले वाक्प्रचार किंवा म्हणी शोधा व वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील सुतार, कुंभार, लोहार किंवा शिंपी यांना भेटून त्यांच्या दहा हत्यारांची नावे व उपयोग लिहून आणा.