माजी सैनिक आणि बालवीर पथक

बालवीर चळवळीचा उगम एका सैनिकाच्या अनुभवात आहे. मेफकिंगच्या २१७ दिवसांच्या वेढ्यात (१८९९-१९००) निरोप पोहोचविणारी मुले बेडन-पॉवेल यांनी पाहिली आणि १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरविले. मात्र त्यांनी मुलांना शिपाई बनविले नाही. लहान संघ पाडून प्रत्येक संघाची जबाबदारी मुलांतील नायकावरच सोपविली. हा भेद शिक्षकांनी ध्यानात ठेवावा.

मालवण किनाऱ्यावरील एखाद्या गावी भूदलातून वा नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ पथकास वेळ देऊ इच्छीत असतील, तर त्यांच्याकडे केवळ कवायत सोपवू नये. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, शिबिराची स्वच्छता ही त्यांच्या हातची विद्या होय. गाठ त्यांनी नायकास दाखवावी. नायकाने ती संघास शिकवावी. रापणकराच्या मुलास एखादी निराळी गाठ येत असेल, तर ती त्याने सर्वांस दाखवावी.

शाल-श्रीफळाने गौरव जरूर करावा, परंतु तेवढ्याने तो पुरा होत नाही. ७ डिसेंबर हा १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. त्या दिवशी परिपाठात मुलांनी शिकलेले काम प्रत्यक्ष करून दाखवावे आणि ते कोणाकडून शिकलो हे सांगावे. पाहुण्यांस युद्धकथेचा आग्रह करू नये. काही आठवणी जड असतात. त्यांच्या सेवेची नोंद शाळेच्या दप्तरी अवश्य करावी. मूल शिकलेली गाठ दुसऱ्यास शिकवू लागले, म्हणजे त्या सेवेचे चीज झाले.